रस्त्यावरची तीन अंडी

अनोमाकुरोमचे ड्रायव्हर कुणाच्या बापाला भीत नाहीत, असं ते स्वतःच छाती ठोकून सांगत असतात. पोलिसाला नाही, पाद्र्याला नाही, खड्ड्याला नाही. कुमासीहून उत्तरेकडे जाणारा हमरस्ता या गावाच्या बरोबर पोटातून जातो. एका अंगाला घरं, बाजार, चर्च. दुसऱ्या अंगाला शाळा. असं गाव ज्यानं वसवलं त्याला धरून जाब विचारायला हवा होता, पण तो मरून शंभर वर्षं झाली. आणि सकाळी सातला, नेमक्या पोरांच्या शाळेच्या वेळेला, कंदांनी शिगोशीग भरलेले ट्रक आणि माणसं कोंबलेल्या वडापच्या ट्रोट्रो तिथून सुसाट सुटतात.

बिरागो या गावची पाटीवाली. न्हाव्याच्या दुकानावरची डोकी तिनं रंगवलेली, शिंप्याच्या फळीवरची बाई तिनं रंगवलेली, खानावळीच्या पाटीवरचा भात आणि त्यावरचं उकडलेलं अंडं तिच्याच हातचं. ट्रोट्रोच्या मागच्या काचेवरची अक्षरंसुद्धा तीच काढायची. ड्रायव्हर युनियनचा चेअरमन न्सोवा याच्या गाडीमागं तिनं मोठ्या झोकदार अक्षरांत लिहून दिलं होतं, ‘सावकाश, मित्रा’. गावातली सगळ्यात बेफाम गाडी तीच होती. बिरागोला तेव्हा हसू आलं होतं. पुढं येईनासं झालं.

कारण तिची अफ्राकोमा आठ वर्षांची झाली आणि एकटी शाळेत जायला लागली. अफ्राचा बाप इटलीला जातो म्हणून गेला तो गेलाच, त्यामुळं बिरागोला होती नव्हती ती ही एक पोर. रोज सकाळी ती पोरीला रस्त्याच्या कडेपर्यंत सोडायची, आणि पोर पलीकडं पोचेपर्यंत हिचा जीव टांगणीला. त्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आत दोन पोरं गाडीखाली आली. एकाचा पाय गेला, एक पोर गेलंच. पंचायतीकडं गतिरोधक मागून झाले, अर्जावर अर्ज गेले. शेवटी बिरागो म्हणाली, खड्ड्यात गेले तुमचे अर्ज.

तिनं रस्त्यावर ठोकळे रंगवले. पांढरे, जाडजूड, बाजूला काळीभोर सावली दिलेले. जवळून बघितलं तर सपाट रंग, पण लांबून गाडीत बसून बघितलं तर वाटावं, दगडी ठोकळे आडवे टाकलेत. पहिल्या दिवशी ब्रेक असे किंचाळले की बाजारातल्या बायका टोपल्या टाकून पळाल्या. बिरागोला स्वर्ग दोन बोटं उरला. ती शाळेत गेली, सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं आणि बजावलं, “कुठूनही पळायचं नाही हं. माझ्या ठोकळ्यांवरूनच ओलांडायचं. तिथं गाड्या थांबतात.”

चार दिवस थांबल्या. पाचव्या दिवशी न्सोवा गाडीतून उतरला, पायानं ठोकळा घासून बघितला आणि पोट धरधरून हसला.

“ए बिरागो!” तो रस्त्यावरूनच ओरडला. “तुझे दगड फार मऊ आहेत गं! माझ्या टायरांना गुदगुल्या झाल्या!”

झालं. त्या दिवसापासून ठोकळे म्हणजे ड्रायव्हरांचा खेळ झाला. जो तो तिथं आल्यावर मुद्दाम पाय दाबायचा. कंडक्टर पोरं दाराला लोंबकळत ओरडायची, “धरून बसा, डोंगर आला!” आणि आतले प्रवासी, गाढव कुठले, टाळ्या पिटायचे. आपलीही पोरं याच रस्त्यावरून शाळेत जातात हे गाडीत बसलं की माणूस विसरतो बहुतेक.

तिसऱ्या आठवड्यात पोकुआचा न्यार्को त्या ठोकळ्यांवर मेला. सात वर्षांचा. ट्रक बाहेरगावचा होता, थांबलाही नाही. पोर इकडंतिकडं न बघता ऐटीत चाललं होतं, असं बघणाऱ्यांनी सांगितलं. बघायचं कशाला, तिथं गाड्या थांबतात ना!

पोकुआ बिरागोच्या दाराशी आली ती रडत नाही आली. हातात दगड घेऊन आली.

“माझ्या पोराला तू सांगितलंस, इथं गाड्या थांबतात. सांगितलंस की नाही?”

“पोकुआ, मी...”

“सांगितलंस की नाही तेवढं बोल!”

“सांगितलं,” बिरागो म्हणाली.

पोकुआनं दगड मारला नाही. बिरागोच्या रंगाच्या डब्यांवर टाकला, आणि पांढरा रंग अंगणभर सांडला. “तुझ्या रंगाला भुललं माझं लेकरू,” ती म्हणाली, “दुसरं कुणी भुललं नाही.” आणि गेली. बिरागो तो सांडलेला रंग कितीतरी वेळ बघत बसली. खरं बोलली होती पोकुआ, शब्द न् शब्द खरा. तिच्यावर रागावता येईना, म्हणून बिरागोचा सगळा राग ड्रायव्हरांवर जाऊन साठला.

पुढच्या रविवारी सगळं गाव चर्चमध्ये होतं. रविवारी सकाळी हमरस्त्यावर गाडी क्वचितच असते. बिरागो चर्चच्या गाणाऱ्या बायकांमधली, पण त्या दिवशी तिची जागा रिकामी राहिली. ती रस्त्यावर गुडघे टेकून बसली होती. ठोकळ्यांच्या मधोमध तिनं तीन फुटकी अंडी काढली. कवचाच्या कडा दातेरी, आत पातळ पांढरं, बलक फुटून ओघळलेला. शेजारी श्नॅप्सची चौकोनी हिरवी बाटली आडवी पडलेली, आणि तिच्या तोंडाशी दारूचा ओला डाग. ओला डाग काढणं सगळ्यात अवघड, दोन तास त्यालाच लागले. वर उभं राहून तिनं बघितलं तेव्हा तिचं तिलाच पाऊल मागं घ्यावंसं वाटलं.

आमच्या भागात रस्त्यावर फुटलेलं अंडं आणि ओतलेली दारू दिसली तर शेंबडं पोरदेखील वळसा घालून जातं. ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याला कुठंच दाद मिळाली नाही, तो असुटिया नदीवर जातो, अंडी फोडतो, दारू ओतून शाप घालतो. मग ती नदी त्या माणसाला बघून घेते, आणि नंतर त्याच्या घरादाराला. अशा गोष्टीवर बिरागोचा काडीचा विश्वास नव्हता. तिला एवढंच करायचं होतं की जे ठोकळ्यांना जुमानत नाहीत त्यांची निदान एकदा तरी टरकवायची.

सोमवारी सकाळी उत्तरेकडून आलेला पहिला ट्रक अंड्यांपासून दहा हातांवर करकचून थांबला. ड्रायव्हर खाली उतरेना, पुढं सरकेना, मागंही जाईना. त्याच्यामागं वीस गाड्या लागल्या. भोंग्यांनी गाव डोक्यावर घेतलं. शेवटी न्सोवा आला. खाली वाकला, बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि मोठ्यानं हसला.

“रंग आहे रे! त्या पाटीवालीचा रंग! हे बघा!” तो गाडीत चढला आणि सगळ्यांच्या देखत अंड्यांवरून गाडी नेली. मागं घेतली. पुन्हा नेली. तीन वेळा. खिडकीतून हात काढून लोकांना सलाम ठोकला.

लोक हसले. पण कंदांच्या ट्रकचा तो म्हातारा ड्रायव्हर काही हसला नाही. तो म्हणाला, “रंग आहे हे कळलं. पण रंग कालवताना ती बाई काय पुटपुटली, ते कुणाला कळलं? साधी अंडी पावसात वाहून जातात. ही तर कधी जायचीच नाहीत.” आणि त्यानं ट्रक हळूहळू, रस्त्याच्या अगदी कडेकडेनं काढला.

अकराव्या दिवशी न्सोवा झोपून उठला तो तोंड वाकडं झालेलं. डावा ओठ लोंबता, डावा डोळा मिटेना, चहा प्यायला तर तो सदऱ्यावर. जिल्ह्याच्या डॉक्टरनं तपासलं, म्हणाला, नस सुजलीय, गोळ्या घे, तीन महिन्यांत आपोआप सरळ होईल. डॉक्टरचं कोण ऐकतोय! बातमी दुपारच्या आत टेचिमान शहरापर्यंत पोचली.

आणि मग काय सांगू, रस्ता बदलला. गाव सुरू व्हायच्या आधीच गाड्या मुंगीच्या पावलानं यायला लागल्या. ठोकळ्यांवर पोर असू दे, म्हातारी असू दे, कोंबडी असू दे, गाडी जागच्या जागी उभी. ड्रायव्हर पुढं बघत, ओठ घट्ट मिटून बसलेला. अफ्रा आपल्या मैत्रिणींबरोबर गप्पा मारत रस्ता ओलांडायची, मधेच थांबून चपलेचा बंद लावायची. बिरागो कडेला उभी राहून ते बघायची आणि तिचा ऊर भरून यायचा. नऊ आठवडे झाले, त्या रस्त्यावर कुणाला साधं खरचटलंही नाही.

पण गावानं तिला वाळीत टाकलं. ड्रायव्हरांनी तिची अक्षरं काचांवरून पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढली. खानावळवालीनं भाताची पाटी उतरवून भिंतीकडं तोंड करून ठेवली. चर्चमध्ये ती बाकावर बसली की शेजारच्या बाया सरकत सरकत टोकाला जायच्या, एक तर पडता पडता वाचली. बाजारात अंडीवालीनं तिला बघून टोपलीवर फडकं टाकलं.

“सहा दे,” बिरागो म्हणाली.

“संपली.”

“टोपली भरलीय की तुझी!”

“तुझ्यासाठी संपली,” अंडीवाली म्हणाली. “जा बाई, माझ्या दारात उभी राहू नकोस.”

घरी आई होतीच. म्हातारी तीन दिवस गप्प राहिली आणि चौथ्या दिवशी कंद कांडून केलेल्या फुफूचं भांडं खाली ठेवून म्हणाली, “खरं सांग मला.”

“आई, रंग आहे गं. नुसता रंग.”

“मग लोकांना सांग.”

“सांगून सांगून जीभ झिजली. ऐकतंय कोण?”

“मग नानांपुढं सांग. गावच्या राजापुढं सांगितलेलं सगळे ऐकतात,” आई म्हणाली, आणि भांडं घेऊन आत गेली.

त्याच संध्याकाळी न्सोवा स्वतः आला. तोंडावर रुमाल धरलेला. माणूस अर्धा झाला होता, पण गुर्मी होती तिथंच होती.

“उतरव,” तो म्हणाला. “मुकाट्यानं शाप उतरव. नाहीतर तुझं घर जाळीन.”

“न्सोवा, डॉक्टरचं ऐक. तीन महिन्यांत आपोआप सरळ होईल.”

“बघा!” तो दारात जमलेल्या लोकांकडं वळून ओरडला. “कधी बरं होणार ते हिला बरोबर माहितीये! हिनंच मुदत घातलीय!”

बिरागोनं कपाळावर हात मारून घेतला. पण रुमाल सरकला तेव्हा तिला त्याचा उघडा, पाणी गळणारा डोळा दिसला, आणि क्षणभर तिला त्याची दया आली. दुसऱ्याच क्षणी तिला न्यार्को आठवला आणि तिनं दार लावून घेतलं.

शुक्रवारी नानांचं बोलावणं आलं.

नानांपुढं चप्पल घालून जात नाहीत. बिरागोनं चपला अंगणाच्या दाराशी काढल्या, तर शेजारच्या चार बायकांनी लगेच आपल्या चपला उचलून लांब नेऊन ठेवल्या. अंगण माणसांनी फुललं होतं. एका बाजूला युनियनचे ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला बायका, समोर वडीलधारे. तिच्या आईशेजारी कुळाचा कर्ता, ओफिनमामा, नानांच्या मानासाठी खांद्यावरचं वस्त्र खाली घेऊन बसला होता. आणि सगळ्यांच्या वर, छत्रीखाली, नाना. नानांशी कुणी थेट बोलत नाही आणि नाना कुणाशी थेट बोलत नाहीत. मध्ये बसतात बाफोआजोबा, सोनेरी मुठीची काठी धरून. काय असेल ते त्यांच्याशी बोलायचं.

न्सोवानं आधी आपलं गाऱ्हाणं मांडलं. त्याचे शब्द एका बाजूनं गळत होते, तरी तासभर बोलला. त्याचं झाल्यावर बाफोआजोबा बिरागोकडं वळले. म्हातारा चांगला होता. आवाज खाली आणून म्हणाला, “पोरी, घाबरू नकोस. गोष्ट सोपी आहे. नाना म्हणतात, तुला लहानपणापासून ओळखतो. तू रंग लावतेस, तेच तुझं काम. तू एवढंच म्हण की हा रंग आहे, चेष्टा केली, चूक झाली. एक मेंढी दे, अंडी स्वतःच्या हातानं पुसून टाक, आणि घरी जा. कुणी तुला बोट लावणार नाही.”

बिरागोचा जीव भांड्यात पडला. तेच तर सांगायला ती आली होती. तिनं तोंड उघडलं.

“रंगच आहे तो!” बायकांतून पोकुआ उठली. कुणी विचारलं नव्हतं तिला. “मला विचारा की! नऊ आठवडे येड्यासारखे घाबरताय. हिला रंगापलीकडं काही येत नाही. माझा न्यार्को याच रंगावर विश्वास ठेवून गेला. रंग कुणाला थांबवत नाही, कळलं का? पुसा ती अंडी, म्हणजे पुढच्या पोरांना तरी कळेल की इथं कुणी थांबत नसतं!”

“बस खाली, पोकुआ,” बाफोआजोबा म्हणाले.

पोकुआ बसली. आणि तेवढ्यात ड्रायव्हरांच्या बाजूनं हलकेच कुणीतरी बोललं. बिरागो अगदी जवळ उभी होती, तिला शब्द न् शब्द ऐकू आला. “रंगच निघाला तर आज संध्याकाळी तिच्या अंड्यांचं ऑम्लेट करतो बघ.” शेजारचे दोघं-तिघं फिसकन हसले. त्यांचे खांदे सैल पडले होते. नऊ आठवड्यांत बिरागोनं त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

तिला अफ्रा दिसली. सोमवारी सकाळी, सातला, ठोकळ्यांवर. चपलेचा बंद लावायला खाली वाकलेली, रस्त्याकडं न बघता. तिला नऊ आठवड्यांत न बघायची सवय झाली होती, आणि ती सवय बिरागोनंच लावली होती. पोरीला घरी जाऊन कितीही बजावलं तरी तिच्या बरोबरच्या साठ पोरांना कोण बजावणार? न्यार्कोला तिनं बजावलंच होतं की.

“बोल, पोरी,” बाफोआजोबा म्हणाले. “रंग आहे ना?”

“नाही,” बिरागो म्हणाली.

ड्रायव्हरांचे खांदे पुन्हा ताठ झाले.

“बाफोआजोबा, ऐका, म्हणजे नानांपर्यंत पोचेल,” ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण ते बरंच झालं. लोकांना वाटलं, ती रागानं थरथरतेय. “आजवर मी खोटं बोलले. वरून रंग आहे, पण नुसता रंग नाही. त्या रविवारी तुम्ही सगळे चर्चमध्ये होतात, तेव्हा मी असुटियावर गेले. अंडी फोडली, दारू ओतली. नाव कुणाचंच घेतलं नाही. म्हटलं, तिथं पोर रस्ता ओलांडत असताना जो थांबणार नाही, मग तो गावचा असू दे की परका, त्याला तू बघ. आणि ते नदीचं पाणी आणून रंगात कालवलं.”

“खोटं!” ओफिनमामा ताडकन उठला. “खोटं बोलतेय ही! हिला नदीवर जायची वाटसुद्धा माहीत नाही! बिरागो, डोकं फिरलंय का तुझं? मागं घे हे!”

तिच्या आईनं आपलं वस्त्र आवळून घेतलं आणि ती मुलीपासून दूर, बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. बिरागोला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

बाफोआजोबांनी नानांच्या तोंडाशी कान नेला. बराच वेळ कुजबुज चालली. मग म्हाताऱ्यानं काठी जमिनीवर आपटली, आणि या वेळी त्याचा आवाज मऊ नव्हता.

“या गावात शाप घालायला बंदी आहे, हे तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मेंढी आण, दारू आण, पुजाऱ्याबरोबर नदीवर जा आणि शाप उतरव. ज्यानं घातला त्यानंच उतरवायचा असतो.”

“नाही उतरवणार.”

“नीट ऐक. जो शाप घालतो आणि उतरवत नाही, त्याला या गावात राहता येत नाही. उद्या सकाळी तुला जावं लागेल. पोर मात्र कुळाची आहे, ती तुझ्याबरोबर जाणार नाही. ती आजीकडं राहील, इथंच शाळेत जाईल. जोवर तू शाप उतरवत नाहीस, तोवर तुला ती भेटायची नाही. आता पुन्हा सांग.”

हे तिनं हिशेबात धरलं नव्हतं. तिला वाटलं होतं, दोन मेंढ्या, फार तर तीन. लोकांच्या शिव्या, त्या तर रोजच्याच झाल्या होत्या. तिनं ओफिनमामाकडं बघितलं. मामा डोळ्यांनी विनवत होता, म्हण गं बये, रंग आहे म्हण. ड्रायव्हर वाट बघत होते. तो ऑम्लेटवाला खाली मान घालून आपल्या नखांकडं बघत होता.

इथंच शाळेत जाईल. त्याच रस्त्यावरून.

“नाही उतरवणार,” बिरागो म्हणाली.

न्सोवाच्या घशातून असा काही आवाज आला की बायकांनी तोंडाला पदर लावले. तो गुडघ्यांवर आला. एवढा मोठा चेअरमन, आणि गुडघ्यांवर! “आणि मी? माझ्या तोंडाचं काय? जन्मभर असाच राहू?”

बिरागोनं त्याच्याकडं बघितलं. डॉक्टरनं दिलेल्या मुदतीतले नऊ आठवडे उलटून गेले होते.

“तू थांबायला लागलास, न्सोवा,” ती म्हणाली. “असाच थांबत राहा. पुढची अमावस्या सरायच्या आत तोंड सरळ होईल. पण एकदा जरी पोरांपुढून गाडी दामटलीस, तर मला विचारायला येऊ नकोस.”

“थांबेन,” न्सोवा म्हणाला. “आम्ही सगळे थांबू.” आणि मग सगळं बळ एकवटून तिच्या पायांपुढं थुंकला.

पोकुआ तिच्याकडं टक लावून बघत होती. काय होतं तिच्या नजरेत, कुणास ठाऊक. ती गर्दीतून वाट काढत निघून गेली.

घरी आईनं तिला चुलीपाशी येऊ दिलं नाही. अफ्राला मामाच्या घरी नेऊन ठेवलं होतं. बिरागोनं दोन लुगडी, ब्रश आणि एक भांडं एवढं बोचक्यात बांधलं, आणि रात्रभर त्या बोचक्यावर डोकं ठेवून जागी राहिली. पुसून टाकावं, सांगावं खरं, असं तिला किती वेळा वाटलं असेल. पण ते आता कोण खरं मानणार होतं? आता तिनं खरं सांगितलं असतं तरी लोक म्हणाले असते, पोरीसाठी खोटं बोलतेय.

शनिवारची सकाळ होती, पण परीक्षा जवळ आली म्हणून शाळा होती. ती बोचकं डोक्यावर घेऊन रस्त्यापाशी आली तेव्हा पोरं जमायला लागली होती. गाड्या दोन्ही अंगांनी थांबलेल्या. ओफिनमामा अफ्राला घेऊन आला. लांबूनच म्हणाला, “बोलायचं ते लवकर बोल. मी इथंच उभा आहे.”

अफ्रा जवळ आली. डोळे सुजलेले होते. बिरागोनं तिचा हात हातात घेतला.

“आई, सगळी पोरं मला शिव्या देतात,” अफ्रा म्हणाली. “मी त्यांना सांगितलं, माझ्या आईनं असलं काही केलेलं नाही. ती नुसता रंग लावते. रविवारी ती नदीवर गेलीच नव्हती, तिचे गुडघे डांबरानं काळे झाले होते, मी बघितलेत.” तिनं आवाज अगदी बारीक केला. “मला सांग ना. मी कुणाला सांगणार नाही. तो रंगच आहे ना?”

आठ वर्षांचं पोर. शाळेच्या पहिल्या भांडणात ओरडून सांगितलं असतं तिनं, आणि का नसतं सांगितलं? आईची बाजू घ्यायची म्हणून सांगितलं असतं. दुपारपर्यंत ते ड्रायव्हरांच्या कानावर गेलं असतं, आणि या खेपेला त्यांनी विश्वास ठेवला असता, कारण पोर खोटं कशाला बोलेल?

“नाही,” बिरागो म्हणाली. “रंग नाही.”

“मग न्सोवाकाकांचं तोंड तू वाकडं केलंस?”

“हो.”

“मुद्दाम?”

“हो. आणि जो थांबणार नाही त्याचंही करीन.”

अफ्रा तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं आपली बोटं एकेक करून आईच्या हातातून सोडवून घेतली. हात फ्रॉकला पुसला. मामाकडं न बघता, आईकडं न बघता ती पोरांच्या रांगेत शिरली, आणि रांग रस्ता ओलांडायला लागली.

पहिल्या ट्रोट्रोचा ड्रायव्हर दोन्ही हात चाकावर ठेवून, दगडासारखा बसला होता. पोरं अंड्यांना वळसा घालून गेली. शेवटचं पोर शाळेच्या फाटकातून आत जाईपर्यंत एकही गाडी जागची हलली नाही. मग त्या हळूहळू निघाल्या. कुमासीकडं जाणारी एक गाडी बिरागोच्या पुढ्यातून अर्धी रिकामी गेली, पण तिला बसवून घ्यायला कुणी थांबलं नाही. तिनं बोचकं सारखं केलं आणि ती कडेकडेनं चालायला लागली.